लक्षात राहत नाही : उत्तेजक औषधांच्या व्यसनातून बाहेर पडताना

स्मरणातल्या उणिवेसाठी मराठीत निदान चार क्रियापदे रोजच्या वापरात आहेत, आणि बोलणारा त्यांतले नेमके कोणते उचलतो यावरून त्याच्या तक्रारीचे स्वरूप पुष्कळदा ओळखता येते. ‘लक्षात राहत नाही’ असे म्हणणाऱ्याची अडचण गोष्ट मनात शिरण्यापाशीच असते. ‘आठवत नाही’ म्हणणाऱ्याच्या मनात ती शिरलेली असते, पण हवी तेव्हा हाती लागत नाही. ‘विसरलो’ या शब्दात जवळचा ठेवा गमावल्याची कबुली असते. आणि ‘करायचे राहून गेले’ असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा माहिती शाबूत असूनही ठरल्या वेळी ठरलेले काम करण्याचे भान सुटलेले असते. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत या चार बाबींना अनुक्रमे सांकेतीकरण, प्रत्यावाहन, धारणा आणि भविष्यलक्ष्यी स्मृती अशी जड नावे आहेत. पण भाषेने हा भेद शास्त्राच्या कितीतरी आधी केला होता, इतकेच नव्हे तर ‘लक्षात राहणे’ या एका प्रयोगात स्मृतीचे घर लक्षात, म्हणजे अवधानात असते हेही सांगून टाकले होते.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हवीत अशा उत्तेजक औषधांच्या व्यसनातून जो माणूस बाहेर पडत असतो, त्याच्या बोलण्यात ही चारही क्रियापदे एकमेकांत मिसळलेली आढळतात. घरची माणसे मात्र बहुधा एकाच वाक्यावर येऊन थांबतात : ‘याच्या डोक्यावर परिणाम झाला.’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. औषध सुटल्यानंतरचा विसराळूपणा काल्पनिक नसतो, तो तपासण्यांत दिसतो आणि कित्येक महिने टिकू शकतो. परंतु तो ज्या मापाने मोजला जातो ते माप, म्हणजे ‘गोळी घेत होतो तेव्हा डोके किती चालत होते’ ही आठवण, मुळातच फुगवलेले असते.

परभणी जिल्ह्यातील पूर्णा तालुक्यात असलेले चुडावा हे गाव मनमाडहून परभणी, पूर्णा, नांदेडमार्गे सिकंदराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, पूर्णा जंक्शन आणि नांदेड यांच्या दरम्यान येते. चुडाव्यात असले व्यसन बोकाळले आहे असे सुचवण्याचा येथे मुळीच हेतू नाही. कापूस आणि सोयाबीनच्या पट्ट्यातले, लहान रेल्वे स्थानक असलेले, एका बाजूला जिल्ह्याचे ठिकाण आणि दुसऱ्या बाजूला शिकवणी-वर्गांचे मोठे शहर असलेले हे गाव हा प्रश्न उभे राहून पाहण्यासाठी चांगली जागा आहे, म्हणून ते निवडले आहे. अशा गावांतील मुलामुलींपुढे गेल्या दोन दशकांत शेतीबाहेर पडण्याच्या ज्या वाटा ठळक झाल्या, त्यांपैकी दोन तर थेट स्मरणशक्तीच्या आणि जागरणाच्या जोरावर चालायच्या आहेत : वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’, जिच्यात १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडवायचे असतात, आणि राज्यसेवा किंवा तत्सम स्पर्धा परीक्षा, जिच्यासाठी अभ्यासिकांत वर्षानुवर्षे बसावे लागते. तिसरी वाट पोलीस भरतीची; तिच्यात ५० गुणांचे ‘ग्राउंड’, म्हणजे १६०० मीटर (मुलींसाठी ८०० मीटर) व १०० मीटर धावणे आणि गोळाफेक, पार पडल्यानंतर १०० गुणांची लेखी परीक्षा असते, त्यामुळे पाय आणि डोके दोन्ही चालावे लागतात. लातूर आणि नांदेड या दोन शहरांनी शिकवणीचा व्यवसाय ज्या प्रमाणात उभा केला, त्याचे कौतुक आणि त्याची टीका दोन्ही भरपूर झाले आहे. झोप कापून गुण मिळवण्याचे जे अर्थशास्त्र त्यात दडले आहे, त्याची चर्चा मात्र त्या मानाने कमी झाली.

उत्तेजक औषधे म्हणजे मेंदूतील डोपामाइन आणि नॉरॲड्रेनालिन या दोन संदेशवाहक रसायनांचे प्रमाण पेशींमधल्या फटीत वाढवणारी औषधे. मेथिलफेनिडेट हे औषध ती रसायने पेशीत परत शोषली जाण्याची वाट अडवते, तर ॲम्फेटामाइन हे पेशीतल्या साठ्याला आतून भोक पाडते आणि ती वाट उलटी चालवते. १८८७ साली बर्लिनमध्ये काम करणाऱ्या लाझार एडेलेआनू या रुमानियन रसायनज्ञाने ॲम्फेटामाइन प्रथम तयार केले, पण त्याचा औषध म्हणून प्रसार १९३० च्या दशकात, नाक मोकळे करणाऱ्या नळकांडीच्या रूपाने झाला. १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी वर्तनसमस्या असलेल्या मुलांना ते दिले असता मुले शांत झाली आणि अभ्यासाला लागली असे नोंदवले. मेथिलफेनिडेट १९४४ साली सीबा या स्विस कंपनीतील लिआंद्रो पॅनिझॉन यांनी बनवले आणि त्याला आपल्या पत्नीच्या ‘रिटा’ या लाडक्या नावावरून ‘रिटालिन’ हे नाव दिले. टेनिस खेळण्यापूर्वी ती हे औषध घेत असे, अशी कथा औषधांच्या इतिहासात आवर्जून सांगितली जाते. युद्धकाळात सैनिकांना आणि कामगारांना मेथॅम्फेटामाइन पुरवणाऱ्या जपानला शांततेच्या काळात त्याच औषधाची साथ आवरण्यासाठी १९५१ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, ही गोष्ट त्या मानाने कमी सांगितली जाते.

भारतात मेथिलफेनिडेट हे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘एक्स’ अनुसूचीत आहे, म्हणजे त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लिहावी लागते आणि त्यांतली एक प्रत औषध दुकानदाराला दोन वर्षे जपून ठेवावी लागते. शिवाय १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचाही त्याच्यावर अंमल चालतो. अमेरिकेत शिकायला गेलेल्या मराठी विद्यार्थ्याला वसतिगृहात सहज ऐकू येणारी ॲम्फेटामाइनच्या मिश्र क्षारांची गोळी येथे औषध म्हणून विकलीच जात नाही. या कडक व्यवस्थेमुळे ग्रामीण महाराष्ट्रात उत्तेजकाचे व्यसन बहुधा पुस्तकी वाटेने येत नाही. एम्सच्या राष्ट्रीय व्यसनमुक्ती केंद्राने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत १० ते ७५ वयोगटातील केवळ ०.१८ टक्के लोक ॲम्फेटामाइन-वर्गीय उत्तेजके वापरत असल्याचे आढळले, तर दारूचे प्रमाण १४.६ टक्के होते. हा आकडा लहान असल्यामुळेच अशा रुग्णाची ओळख पटायला उशीर होतो. गावात दारुड्याला सारे ओळखतात, गोळीवाल्याला कोणी ओळखत नाही, उलट तो रात्रभर अभ्यास करतो म्हणून त्याचे उदाहरण दिले जाते.

महाराष्ट्रात ज्या चिठ्ठीवरच्या उत्तेजकाने अलीकडे खरी डोकेदुखी निर्माण केली, ते वेगळेच आहे. मेफेंटरमाइन हे इंजेक्शन पाठीच्या कण्यात भूल दिल्यावर, उदाहरणार्थ सिझेरियनच्या वेळी, घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी भूलतज्ज्ञ वापरतात. रासायनिकदृष्ट्या ते ॲम्फेटामाइनच्या घराण्यातले असून शरीरात त्याचे रूपांतर फेंटरमाइन या भूक मारणाऱ्या उत्तेजकात होते, आणि जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने खेळाडूंसाठी ते निषिद्ध ठरवलेले आहे. व्यायामशाळांत ‘पंप’ मिळावा म्हणून ते टोचून घेणाऱ्या तरुणांना विनापरवाना कुप्या पुरवणाऱ्यांवर पुण्यासह राज्यात ठिकठिकाणी पोलीस आणि अन्न व औषध प्रशासन यांनी गेल्या काही वर्षांत कारवाया केल्या आहेत. भारतीय मनोविकारतज्ज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या रुग्ण-अहवालांत या औषधाची रीतसर अवलंबिता, म्हणजे मात्रा वाढवत नेण्याची गरज आणि ते थांबवल्यावर येणारी गळून गेल्याची अवस्था, तसेच कोणीतरी पाळतीवर आहे असे वाटायला लावणारा संशयविकारही वर्णिलेला आहे. शस्त्रक्रियागृहातल्या औषधाला तालमीत जागा मिळावी, हा आपल्या औषध-वितरणावरचा पुरेसा बोलका अभिप्राय आहे.

आता मूळ विषयाकडे, म्हणजे स्मृतीकडे, वळता येईल. १९७४ साली ॲलन बॅडले आणि ग्रॅहम हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी ‘कार्यकारी स्मृती’चे प्रारूप मांडले. हातातले काम चालू असेपर्यंत काही मोजक्या गोष्टी मनासमोर धरून त्यांची उलटापालट करण्याची ही क्षमता, आणि तिला पाटीची उपमा चपखल बसते. पाटी लहान असते, तिच्यावर लिहिलेले चटकन पुसले जाते, आणि पाटीवरचे जे वहीत उतरते तेवढेच टिकते. ही पाटी कपाळामागच्या अग्रमस्तिष्क-पटलाच्या आधाराने चालते आणि त्या भागाला डोपामाइन बेताचेच लागते. त्याचे प्रमाण आणि पाटीची कार्यक्षमता यांचा आलेख पालथ्या घमेल्यासारखा असतो : फार कमी असले तर लक्ष ठरत नाही, वाढत गेले तर सुधारते, आणि शिखर ओलांडले की पुन्हा घसरण सुरू होते. अवधान-न्यूनता व अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी, असलेली व्यक्ती या घमेल्याच्या डाव्या उतारावर असते, म्हणून योग्य मात्रेतले औषध तिला वर चढवते. जो आधीच माथ्यावर किंवा त्याच्या जवळ आहे, त्याला तीच मात्रा पलीकडे ढकलू शकते.

निरोगी माणसाला गोळीने नेमके काय मिळते, याचा शोध घेणारे दोन प्रयोग येथे विशेष उपयोगी आहेत. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात इरिना इलिएव्हा आणि सहकाऱ्यांनी ४६ निरोगी तरुणांना ॲम्फेटामाइनचे मिश्र क्षार आणि नुसती साखरगोळी अशा दोन्ही अवस्थांत अनेक बौद्धिक चाचण्या दिल्या. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत चाचण्यांतील फरक किरकोळ होता, पण औषध घेतलेल्यांना आपली कामगिरी सुधारली असे मात्र वाटत होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात ४० जणांना मेथिलफेनिडेट, डेक्सॲम्फेटामाइन, मोडाफिनिल किंवा साखरगोळी देऊन, मर्यादित वजनाच्या पिशवीत जास्तीत जास्त किमतीच्या वस्तू बसवण्याचे कोडे सोडवायला लावले. औषध घेतलेल्यांनी जास्त वेळ झटापट केली, जास्त हालचाली केल्या, आणि उत्तरांचा दर्जा मात्र घसरला. तरतरी आणि बुद्धी या दोन वेगळ्या गोष्टी असून गोळी पहिली देते आणि दुसरी दिल्याचा भास निर्माण करते, असा या दोन प्रयोगांचा एकत्रित अर्थ लावणे फारसे चुकीचे ठरणार नाही. व्यसनातून बाहेर पडणारा माणूस पुढे स्वतःची तुलना याच भासाशी करतो.

गोळीचे दुसरे देणे झोपेतून वसूल होते. दिवसा पाटीवर आलेले वहीत उतरवण्याचे काम मुख्यतः झोपेत, विशेषतः गाढ झोपेतल्या संथ लहरींच्या काळात, होते. कानशिलामागे मेंदूच्या आतल्या बाजूस असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग त्या वेळी दिवसभरातील ताजे ठसे पुन्हा उजळवतो आणि मेंदूच्या बाह्यपटलाच्या स्वाधीन करतो. उत्तेजकाने झोप कमी केली तर अभ्यासाचे तास वाढतात आणि उतरवून घेण्याचे तास घटतात. यावर उतारा म्हणून रात्री अल्प्राझोलामसारखी शामक गोळी घेण्याची सवय उत्तेजक वापरणाऱ्यांत सर्रास दिसते, आणि या वर्गातील औषधे नव्या गोष्टींचा ठसा उमटू देत नाहीत हे त्यांचे जुनेच ज्ञात लक्षण आहे. असा माणूस उपचारासाठी येतो तेव्हा त्याच्या विसराळूपणाचे सारे खापर उत्तेजकावर फुटते, पण प्रत्यक्षात निम्मा वाटा झोपेच्या गोळीचा असू शकतो. शामक गोळी दीर्घकाळ घेतलेल्याने ती एका दिवसात बंद केल्यास आकडी येण्याचा धोका असतो, त्यामुळे ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवावी लागते.

गर्दचे, म्हणजे ब्राउन शुगरचे, व्यसन सोडताना होणाऱ्या यातनांना मुंबई-पुण्याच्या बोलीत ‘टर्की’ म्हणतात; हातपाय वळतात, उलट्या होतात, आणि पाहणाऱ्यालाही त्या यातना दिसतात. उत्तेजकाची टर्की अशी दिसत नाही. पहिले काही दिवस माणूस झोपतो, उठून खातो आणि पुन्हा झोपतो. मग झोप हलकी होते, मन खिन्न होते, कशातच गोडी वाटत नाही, आणि घरच्यांना हा सरळसरळ आळस वाटतो. याच काळात स्मरणाच्या तक्रारी सुरू होतात. वाचलेला परिच्छेद पानाच्या शेवटापर्यंत टिकत नाही, चार जिनसांपैकी दोनच दुकानातून येतात, ओळखीच्या माणसाचे नाव जिभेवर येऊन थांबते. सुरुवातीच्या आठवड्यांत यातला मोठा भाग ‘लक्षात राहत नाही’ या प्रकारचा असतो, कारण डोपामाइनच्या रसदीशिवाय पाटीच चालत नसते. खिन्नता स्वतःच लक्ष खाते, आणि खिन्न माणूस आपल्या स्मरणशक्तीला ती असते त्याहून वाईट ठरवतो.

पुढे काय होते याचे सर्वांत बारकाईचे संशोधन मेथॅम्फेटामाइन वापरणाऱ्यांवर झाले आहे. ते औषध चिठ्ठीवरच्या गोळ्यांपेक्षा पुष्कळ उग्र आहे आणि त्याचे निष्कर्ष जसेच्या तसे मेथिलफेनिडेटला लावणे गैर ठरेल, तरी दिशा कळण्यासाठी ते पाहणे भाग आहे. २००१ साली ब्रुकहेवन येथील प्रयोगशाळेत नोरा वोल्को आणि सहकाऱ्यांनी पेट-स्कॅनच्या साहाय्याने असे दाखवले, की हे औषध वापरणाऱ्यांच्या मेंदूत डोपामाइन परत शोषणाऱ्या प्रथिनांची संख्या घटलेली असते आणि ही घट स्मरणाच्या व हालचालींच्या चाचण्यांतील मंदपणाशी जुळते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात त्यांनी अशा पाच जणांची, १२ ते १७ महिने औषधाविना राहिल्यानंतर, पुन्हा तपासणी केली. मेंदूच्या पुच्छकेंद्रात ही प्रथिने १९ टक्क्यांनी आणि शेजारच्या पुटामेन या भागात १६ टक्क्यांनी वाढलेली होती. परंतु चाचण्यांतली कामगिरी त्या प्रमाणात सुधारलेली नव्हती. २००४ साली पॉल थॉम्पसन, एडिथ लंडन आणि सहकाऱ्यांनी दीर्घकाळ मेथॅम्फेटामाइन घेणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस इतरांपेक्षा सरासरी ७.८ टक्के लहान असल्याचे नोंदवले.

पाच माणसांवरच्या त्या अभ्यासाकडे थोडे थांबून पाहायला हवे, कारण त्यातून दोन परस्परविरोधी बातम्या एकदम मिळतात. मेंदूची यंत्रणा वर्ष-सव्वा वर्षात बऱ्याच अंशी पुन्हा उभी राहू लागते, ही चांगली बातमी. आणि यंत्रणा उभी राहिली म्हणजे काम लगेच पूर्ववत होते असे नाही, ही दुसरी. शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. अतिवृष्टीने खरडून गेलेल्या जमिनीवर गाळ टाकल्याने रान दिसायला सारखे होते, पण पहिल्या वर्षीचे पीक पूर्वीइतके येत नाही. व्यसनमुक्तीच्या तिसऱ्या महिन्यात ‘अजून डोके चालत नाही’ म्हणून निराश होणे, आणि ती निराशा घालवायला पुन्हा एक गोळी घेऊन पाहणे, हा पुनर्व्यसनाचा एक ठरलेला रस्ता आहे. म्हणून किती काळ लागू शकतो हे रुग्णाला आणि घरच्यांना पहिल्याच भेटीत सांगणे हा उपचाराचाच भाग ठरतो.

विद्यार्थ्याची एक भीती यापेक्षा वेगळी असते : गोळी घेऊन केलेला अभ्यास गोळीशिवाय आठवणार नाही. तिला थोडा आधार आहे. १९६९ साली डोनाल्ड गुडविन आणि सहकाऱ्यांनी दारूच्या अमलाखाली शिकलेल्या काही गोष्टी पुन्हा त्याच अमलात अधिक चांगल्या आठवतात असे दाखवले होते, आणि या प्रकाराला अवस्थाधीन स्मृती म्हणतात. मात्र हा परिणाम मुख्यतः मोकळ्या आठवण्यात, म्हणजे कसलाही धागा हाती नसताना, जाणवतो. प्रश्नपत्रिकेत चार पर्याय समोर छापलेले असतात तेव्हा तो बराचसा मावळतो.

विसराळूपणाला इतरही कारणे असू शकतात आणि व्यसनाचा इतिहास कळला की ती तपासायचे डॉक्टरही विसरतात. शाकाहारी कुटुंबांत ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, अवटु ग्रंथीची मंदगती आणि, विशेषतः मुलींत, रक्तक्षय या तिन्ही गोष्टी स्मरणावर आणि लक्षावर परिणाम करतात, साध्या रक्ततपासणीत कळतात आणि उपचारांनी सुधारतात. जेवण टाळायला लावणारे उत्तेजक महिनोन्‌महिने घेतलेल्या मुलीत यांपैकी दोन एकत्र सापडली तर नवल नाही. ज्याला लहानपणापासून एडीएचडी होता आणि ज्याने तो न ओळखता, मित्राकडून मिळालेल्या गोळ्यांनी स्वतःच त्यावर उपचार केला, त्याचा प्रश्न आणखी वेगळा असतो. गोळी सुटल्यावर परतते ते त्याचे मूळचे चंचल लक्ष, आणि त्याचे निदान होऊन देखरेखीखाली उपचार ठरवणे आवश्यक असते. नीट निदान होऊन ठरल्या मात्रेत मेथिलफेनिडेट घेणाऱ्या मुलांच्या पालकांनी या लेखातील माहितीने धास्तावून ते औषध परस्पर बंद करू नये, हेही येथेच नोंदवलेले बरे. मात्रेपलीकडे, निदानावाचून आणि झोपेच्या बदल्यात घेतलेल्या औषधाची गोष्ट निराळी आहे.

ओपिऑइडच्या किंवा दारूच्या व्यसनावर जशी औषधे उपलब्ध आहेत, तसे उत्तेजकांच्या व्यसनावर सर्वमान्य औषध अद्याप नाही. ज्या उपायांच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा आहे, त्यात व्यसनमुक्त राहिल्याबद्दल ठरावीक टप्प्यांवर लहानसे बक्षीस देण्याची पद्धत आणि विचार-वर्तन यांवर काम करणारी समुपदेशनपद्धती यांचा समावेश होतो. नियमित झोप आणि व्यायाम यांची त्यांना जोड दिली जाते. महाराष्ट्रात व्यसनमुक्तीचे सर्वांत परिचित ठिकाण म्हणजे पुण्याचे मुक्तांगण, जे डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांनी दिलेल्या आर्थिक पाठबळावर २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू केले. गर्दच्या लाटेतून जन्मलेल्या या संस्थेने दाखल झालेल्याला ‘रुग्णमित्र’ म्हणण्याची, कुटुंबालाही उपचारात ओढण्याची आणि बाहेर पडल्यानंतरच्या पाठपुराव्याला दाखल असतानाच्या दिवसांइतकेच महत्त्व देण्याची रीत रुजवली. स्मरणाच्या दृष्टीने निवासी उपचाराच्या ठरीव दिनक्रमाला एक न बोलला जाणारा फायदा आहे : उठणे, प्रार्थना, काम, सभा, जेवण, झोप यांच्या वेळा घंटेने ठरत असल्यामुळे ‘राहून गेले’ या प्रकारच्या विसराला तेथे वावच उरत नाही. घरी परतल्यावर घंटा नसते, आणि पहिल्याच आठवड्यात रुग्णाला वाटते की आपण आत असताना बरे होतो.

म्हणून बाहेर पडलेल्याला स्मरणाची बाह्य साधने लागतात, आणि या बाबतीत गावातली माणसे शहरी समुपदेशकापेक्षा काकणभर पुढेच आहेत. पदराला गाठ मारून ठेवणे ही भविष्यलक्ष्यी स्मृतीची अतिशय शास्त्रशुद्ध योजना आहे. गाठ काय करायचे ते सांगत नाही, फक्त काही करायचे आहे याची जाग देते, आणि बहुतेक वेळा तेवढेच पुरते. पावकी-निमकी-पाऊणकीचे पाढे पाठ केलेल्या पिढीतला माणूस ते व्यसनातही विसरत नाही, कारण अतिशिक्षणाने झालेला ठसा पाटीवर अवलंबून राहत नाही. वेदपाठशाळांतील घनपाठात शब्दांचा क्रम उलटसुलट करून तोच मजकूर पुनःपुन्हा म्हटला जातो, आणि वारकरी घरांत हरिपाठ रोज ठरल्या वेळी म्हणून पाठ होतो. दोन्हींत नुसते पुन्हा वाचणे नाही, पुस्तक मिटून म्हणणे आहे. २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी केलेल्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी ८१ टक्के आणि न पाहता आठवून लिहिणाऱ्यांना ७५ टक्के मजकूर आठवला. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांकडे ४२ आणि आठवून लिहिणाऱ्यांकडे ५६ टक्के उरला. पुन्हा वाचल्याने येणारा आत्मविश्वास गोळीने येणाऱ्या आत्मविश्वासाच्याच जातीचा आहे : तो ताबडतोब मिळतो आणि आठवड्याने दगा देतो. परीक्षेच्या मार्गावर परतू पाहणाऱ्या तरुणाला दिवसात दहा तासांऐवजी चार तास, पण पुस्तक मिटून, बसवणे हे त्याच्या घरच्यांना पटवणे सर्वांत अवघड जाते, कारण मिटलेले पुस्तक अभ्यासासारखे दिसत नाही.

चुडाव्याहून मनोविकारतज्ज्ञापर्यंत पोहोचायचे तर पश्चिमेला परभणीचे जिल्हा रुग्णालय किंवा पूर्वेला नांदेडजवळ विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठावे लागते. अंतर मोठे नाही. अडते ते संकोचापाशी आणि पोलिसांच्या भीतीपाशी. यांपैकी दुसऱ्या भीतीवर कायद्यात उत्तर आहे. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ नुसार अल्प प्रमाणातील सेवनाशी संबंधित गुन्ह्यात व्यसनी व्यक्तीने मान्यताप्राप्त ठिकाणी स्वेच्छेने उपचार घेतल्यास खटल्यापासून संरक्षण मिळू शकते, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांना आपल्या कक्षेत घेऊन रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क मान्य केला आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठीचा १४४४६ हे दोन्ही क्रमांक निःशुल्क आहेत. संकोचावर मात्र कलम नाही. तालुक्याच्या गावी दवाखान्यात ओळखीचे कोणी भेटेल म्हणून माणूस नांदेडला जातो, आणि तेथेही शिकवणीला आलेली गावातली मुले भेटतील म्हणून पाठपुराव्याची तारीख टाळतो. तारीख टाळली की ‘लक्षात राहिले नाही’ असे कारण पुढे केले जाते, ज्यावर घरचे लगेच विश्वास ठेवतात, कारण डोक्यावर परिणाम झाल्याचे त्यांनी आधीच ठरवलेले असते.

या एका ठिकाणी तरी विसर आणि टाळाटाळ यांतला फरक साध्या साधनाने उघडा पाडता येतो. १९७३ साली जयंत साळगावकरांनी सुरू केलेले कालनिर्णय मराठी घरांच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेले असते आणि त्याच्या चौकटींत दुधाचे लिटर, गॅस टाकी लावल्याचा दिवस, कामावर न आलेल्या मजुराची खूण आणि सुनेच्या माहेरी जाण्याची तारीख लिहिलेली असते. तपासणीचा दिवस रुग्णाने स्वतःच्या हाताने त्याच चौकटीत, दुधाच्या आकड्याखाली, गाडीच्या वेळेसह लिहावा, आणि तो जवळ आला की घरच्यांनी काही न बोलता पान त्याच्यासमोर धरावे.